राण्यांचा सिनेमा आणि छोटी काकी

बाबूजी जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबून खोकायचे. त्यांना खोकला कधीच नव्हता. ती वर्दी होती, की मी वर येतोय, सुनांनी पदर घ्यावेत. वर स्वयंपाकघरात बांगड्यांची एकच धांदल उडायची, माझ्या माँची आणि छोट्या काकीची ओढणी झटक्यात हनुवटीपर्यंत उतरायची, आणि मग बाबूजी, म्हणजे माझे आजोबा, मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेने आत यायचे. स्वतः बांधलेल्या घरात हा माणूस जन्मभर पाहुण्यासारखा वावरला. आजी मी जन्मायच्या आधीच गेली होती, त्यामुळे त्यांना मोकळेपणाने बोलायला घरातल्या बायकांत मी एकटीच होते, आणि मी बोलायला कधी कमी पडले नाही.

पारोळ्याच्या बाजारात खाली आमचं भुसार मालाचं दुकान आणि वर घर होतं. तुरीची, ज्वारीची, भुईमुगाची बारीक धूळ जिन्यातून वर यायची आणि धुतलेल्या कपड्यांनाही तोच वास लागायचा. घरात मारवाडी, दुकानात गिऱ्हाइकांशी अहिराणी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, अशा तीन भाषा मी एका दिवसात फिरवत असे. इथे मी सगळ्यांना मराठीत बोलायला लावलंय, कारण आता माझ्या डोक्यात ते सगळे मराठीतच बोलतात. जेवणाचंही तसंच होतं. मारवाडातून कोणी आलं की केर-सांगरीची, म्हणजे तिकडच्या वाळवलेल्या भाजीची, पिशवी यायची आणि माँ ती सणासुदीला पुरवून पुरवून वापरायची, पण थंडीत शेजारच्या पाटलांकडून शिकलेलं वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी झाली की बाबूजी एक भाकरी जास्त खायचे आणि वर म्हणायचे, हे काही आपलं जेवण नाही.

सुनांनी सासऱ्याशी बोलायचं नाही, हा दुसरा नियम. मग घर चालायचं कसं, तर माझ्यामार्फत. बाबूजी पाटावर, काकी त्यांच्यापासून चार हातांवर चुलीशी, आणि मध्ये मी. "सुशी, काकीला सांग, आज भाजीत मीठ कमी आहे." काकीने ते ऐकलेलंच असायचं, तरी मी वळून तिला सांगायची, आणि ती मिठाची वाटी माझ्या हातात द्यायची. मी नसले तर काकी जिभेने 'टच' असा आवाज करायची. एक टच म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आणखी फुलका आहे का, पाणी तापलं का, दुकानातला पोऱ्या वर येऊन गेला का, असे बाबूजींचे सगळे प्रश्न त्या टच-टचवर नऊ वर्षं सुरळीत चालले. नऊ वर्षांत बाबूजींनी काकीचा चेहरा पाहिला नव्हता आणि तिचा एक शब्द ऐकला नव्हता. गंमत अशी, की बांगड्या भरणारा कासार, भाजीवाली, एसटीचा कंडक्टर, सगळ्या जगाने काकीला उघड्या तोंडाने पाहिलेलं होतं. पदर फक्त घरच्या माणसांपुढे होता.

काकीविषयी घरात आणि समाजात दोन मतं होती. एक, ती तंद्रीत असते. दोन, ती गर्विष्ठ आहे. तंद्रीची साक्ष म्हणजे एकदा ती स्वयंपाकघरात बसलेली असताना समोरच्या कोपऱ्यात मांजराने पातेलंभर दूध पिऊन संपवलं आणि तिला पत्ता लागला नाही. गर्वाची साक्ष म्हणजे देवळाच्या वाटेवर समोरून ओळखीच्या बायका आल्या, हसल्या, तरी ही सरळ निघून जायची. माँ तिची बाजू घ्यायची, पण मनातून तिलाही वाटायचं की धाकटी जाऊ जरा शिष्टच आहे. खरं कारण मला कळलं ते गच्चीवर. पापड वाळत घालताना काकीने मला हळूच विचारलं, "सुशी, त्या कठड्यावर बसलंय ते काय आहे गं, कावळा का?" तिथे आमच्या शेजाऱ्यांनी उपडी घातलेली घागर होती.

हातभर अंतरावरचं काकीला स्वच्छ दिसायचं. डाळीतला खडा ती माँच्या आधी टिपायची, पुस्तक नाकाला लावून वाचायची. त्यापलीकडे सगळं धुकं. लहानपणापासून तसंच होतं आणि तिच्या वडिलांनी लग्न ठरवताना ते सांगितलं नव्हतं. "आता कळलं तर म्हणतील, फसवून मुलगी दिली," काकी म्हणाली. "आणि माझं सोड. विमलाचं आत्ता कुठे जमलंय." विमला तिची धाकटी बहीण. चोपड्याच्या एका घरात तिची सोयरीक ठरली होती आणि लग्न चार महिन्यांवर होतं. मोठीच्या डोळ्यांत दोष आहे म्हटल्यावर धाकटीचेही तपासायला हवेत, घराण्यातच असेल, मुलांनाही येईल, अशी कुजबुज सुरू व्हायला आमच्या समाजात एक दुपार पुरते. काकीने मला तुळशीची शपथ घातली. काकांना हे माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ते आठवड्यातले पाच दिवस जळगावला डाळमिलवर असायचे, आणि घरी आले की काकी त्यांच्यापासून हातभरच अंतरावर असणार.

अशात धुळ्याला राण्यांचा सिनेमा लागला. त्याचं नाव मी इतकी वर्षं आठवतेय. नात म्हणते, आजी, दोन शब्द सांग, मोबाईलवर लगेच शोधते. पण मला आठवतात त्या फक्त राण्या. कुठल्याशा बादशहाचा जनानखाना, त्यात शे-दोनशे बायका, आणि त्यात नवीन आलेली एक मुलगी, एवढी गोष्ट. धुळ्याच्या थेटरात बुधवारी दुपारी फक्त बायकांसाठी खेळ ठेवत, आणि पारोळ्यातल्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका तो बघून आल्या होत्या. माँने माझ्यामार्फत अर्ज टाकला. बाबूजींनी विचारलं, कसला सिनेमा आहे? मी म्हटलं, ऐतिहासिक. हा शब्द मी शाळेतून आणला होता आणि तो भलताच कामाला आला. बाबूजींना वाटलं, लढाया असतील, किल्ले असतील. पुढे त्यांना कोणीतरी सांगितलं की यात नुसत्या बायकाच आहेत, तेव्हा ते म्हणाले, "राजाचं घर म्हटलं की बायका असणारच." घराबाहेर सुना एकट्या जाणार नाहीत, म्हणून ते स्वतः सोबत निघाले.

एसटीत पुढच्या बाकावर बाबूजी, मागे आम्ही तिघी. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि कैरीचं लोणचं असा तीन पुडांचा डबा मांडीवर. धुळे येईपर्यंत माँ आणि काकी पदराआडून एकमेकींच्या कानात हसत होत्या. मी माँला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. थेटराशी बाबूजी समोरच्या एका ओळखीच्या कापड दुकानात जाऊन बसले आणि आम्ही बायकांच्या दारातून आत गेलो. दारावर गोदाअक्का नावाची उंच, काळी, करड्या आवाजाची बाई बॅटरी घेऊन उभी होती. आत शिरल्याबरोबर जे झालं ते माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. शंभर-दोनशे बायकांनी एकदम पदर मागे टाकले. कुठे पोरं रडताहेत, कुठे डबे उघडताहेत, कोणी मोठ्याने हाका मारतेय, आणि सगळ्यांचे चेहरे उघडे. पुरुष नसलेली एवढी मोठी जागा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

माँने ऐपत दाखवायला बाल्कनीची तिकिटं काढली होती. म्हणजे पडदा आणखी लांब. काकीने अंधार होताच माझा हात धरला आणि मी कामाला लागले. बोलणं तिला ऐकू येत होतं, पण कोण बोलतंय ते दिसत नव्हतं. तिच्या दृष्टीने पडद्यावर सगळंच लाल आणि सगळंच सोनेरी होतं. "आत्ता बोलली ती कोण, राणी का दासी?" मी सांगायची. कोणाच्या कपाळावर बोर, म्हणजे तो गोल दागिना, आहे, कोणी नथ उजवीकडे घातलीय, कोण कोणाकडे कशी बघतेय. मागच्या रांगेतली एक आजीबाई सारखी विचारत होती, एवढ्या बायका आहेत, पण स्वयंपाक कोण करतं? आणि खरंच, तीन तासांत एकाही राणीने पोळी लाटली नाही. पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की काकीला सिनेमा माझ्यापेक्षा जास्त कळतोय. मोठी बेगम त्या नवीन मुलीच्या केसांवरून हात फिरवत गोड बोलत होती आणि मी कौतुकाने सांगत होते, तर काकी म्हणाली, "ही खोटं बोलतेय. आवाज ऐक तिचा." पुढे दोन प्रसंगांनी ते खरं निघालं.

मध्यंतरानंतर एक प्रसंग होता. ती मुलगी उंच महालात जाळीच्या खिडकीशी उभी असते. खाली बाजार भरलाय, कबुतरं उडताहेत, तिच्या गावाकडचा रस्ता लांब डोंगरापर्यंत दिसतोय, आणि खालून मात्र तिला कोणी बघू शकत नाही. आमच्या रांगेतल्या बायका हमसून रडत होत्या, माँसुद्धा. मी काकीला सगळं सांगितलं, जाळीची नक्षीसुद्धा. काकी रडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तिला दिसतं तरी." त्या वेळी मला ते ऐकून नुसतं वाईट वाटलं. आज, माझ्याही दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यावर, त्या तीन शब्दांत किती वर्षांचं धुकं होतं ते कळतं.

खेळ सुटला आणि बायकांच्या दाराशी रेटारेटी झाली. माँ मला म्हणाली, काकीचा हात सोडू नकोस. मी सोडला. कारण रिकामा डबा सीटखाली राहिला होता आणि पितळी डबा हरवला तर माँ मला सोडणार नव्हती. "या खांबापाशी थांब, हलू नकोस," असं काकीला बजावून मी परत वर पळाले. डबा घेऊन आले, तर खांबापाशी काकी नाही. गर्दीने तिला उचलून बाहेर नेलं होतं. माँ शेजारणींबरोबर बोलत पुढे टांग्यांपाशी पोचली होती. मी गोदाअक्काच्या काखेखालून बाहेर घुसले आणि समोरचं बघून जागच्या जागी थांबले.

भर उन्हात, उघड्या तोंडाने, काकी बाबूजींपुढे उभी होती. नंतर तिनेच मला सांगितलं ते असं. बाहेर आल्यावर उन्हाने तिला होतं तेही दिसेना. पांढऱ्या कपड्यांतलं एक म्हातारं माणूस समोर दिसलं. म्हाताऱ्या माणसाला विचारायला हरकत नाही, म्हणून ती पुढे झाली आणि मराठीत म्हणाली, "भाऊ, टांगे कोणीकडे उभे राहतात?" बाबूजींनी तो चेहरा कधी पाहिला नव्हता, तो आवाज कधी ऐकला नव्हता, आणि सुनांच्या ओढण्यांचे रंग बघायची त्यांच्या खाली घातलेल्या मानेला सवय नव्हती. त्यांनी अगदी मायेने विचारलं, "चुकलीस का, बेटा? घाबरू नकोस. कोणाच्या घरची तू?" त्यांचा आवाज मात्र काकीने नऊ वर्षं रोज ऐकला होता. पदर ओढावा, तर कळणार की ही आपली सून, आणि ही सासऱ्यापुढे उघड्या तोंडाने येऊन त्यांना भाऊ म्हणाली. आणि उत्तर तरी काय द्यायचं? कोणाच्या घरची, तर यांच्याच. सासऱ्याचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नसतं. ती नुसती उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

गोदाअक्का तिथे आली. "शेठजी, हाई बाई चुकी गयी दखास. कोना घरनी शे, काहीच सांगत नही." बाबूजी आणखी काळजीत पडले. तेवढ्यात त्यांना मी दिसले. "सुशी, बरं झालं आलीस. या बाईंना विचार, कोणाच्या घरच्या आहेत. आपण पोचवू त्यांना." आणि सवयीने मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले, जशी रोज राहायची तशी. मी काकीचा हात धरला आणि तिच्याकडे वळून पाहिलं. तिला वाटलं, मी आता बोलणार. तिने मला अडवायला जिभेने दोनदा केलं, टच, टच.

बाबूजींनी तो आवाज ओळखला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी काही नाही, मग एकदम सगळं. ते त्याच क्षणी पाठ करून उभे राहिले, भर रस्त्यात, थेटराच्या भिंतीकडे तोंड करून, आणि काकीने पदर इतका खाली ओढला की तो गुडघ्यांपर्यंत गेला. मग भिंतीकडे बघतच बाबूजी म्हणाले, "सुशी, हिला विचार, मी एवढा समोर होतो, हिने मला ओळखलं का नाही?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित खोटं बोलले असते, गर्दी होती, ऊन होतं, काहीतरी. पण त्यांना खरंच कळत नव्हतं आणि त्यांना वाईट वाटलं होतं. "काकीला लांबचं दिसत नाही, बाबूजी," मी म्हटलं. "कधीच दिसत नव्हतं." काकीने माझ्या हातातला आपला हात काढून घेतला.

पुढचे दहा दिवस काकी माझ्याशी बोलली नाही. माझी वेणी घालायचं काम माँकडे आलं. मी शपथ मोडली होती, तिच्या बहिणीचं लग्न मोडणार होतं, आणि मला झोपेतही चोपड्याहून नकाराचं पत्र येताना दिसायचं. काकी रोज दुपारी पोस्टमनची वेळ झाली की जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसायची. बाबूजी घरात कोणालाच काही म्हणाले नाहीत. फक्त एकदा दुकानात गादीवर बसवून त्यांनी मला विचारलं, की काकीने हे लपवलं का? मी विमलाचं सगळं सांगून टाकलं. आता राखायचं राहिलंच काय होतं? ते ऐकत होते आणि मुठीतली तूर या हातातून त्या हातात ओतत होते.

दुसऱ्या दिवशी ते चोपड्याला गेले. संध्याकाळी परतले, तिसऱ्या पायरीवर खोकले, वर आले, पाटावर बसले, आणि पाणी पिऊन मला म्हणाले, "काकीला सांग, मी विमलाच्या सासरी जाऊन आलो. त्यांना सांगितलं, माझ्या सुनेला चष्मा लागतोय, आणि मला तिच्याबद्दल काही तक्रार नाही. तुम्हाला तिच्या बहिणीबद्दल असेल तर आत्ता माझ्या तोंडावर सांगा." मी काकीकडे वळले. बाबूजींनीच पुढे म्हटलं, "त्यांची काही तक्रार नाही. लग्न ठरल्या दिवशी आहे." पदराआड काकी हलली नाही. मग चुलीवरचा फुलका जळल्याचा वास आला, आणि त्या दिवशी घरात कोणीही तिला तंद्रीत आहेस असं म्हटलं नाही. माझ्या ताटातल्या फुलक्यावर तूप इतकं पडलं होतं की ते कडेने वाहत होतं.

पुढच्या बुधवारी बाबूजी, काकी आणि मी पुन्हा धुळ्याला गेलो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. एकच लांबट खोली होती. एका टोकाला डॉक्टर आणि खुर्ची, दुसऱ्या टोकाला दाराशी बाक. बाबूजी बाकावर दाराकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून बसले. डॉक्टरांनी काकीला पदर मागे घ्यायला लावला आणि काचा बदलायची ती जड लोखंडी फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. ती निसटत होती, म्हणून काकीने दोन्ही हातांनी धरून ठेवली. "आता आधीपेक्षा बरं दिसतं का?" काकीने टच केलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, हो म्हणते. भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तर ती माझ्या कानात सांगायची आणि मी डॉक्टरांना. ते वैतागून म्हणाले, "अगं, मी डोळे कोणाचे तपासतोय? बाई, तुम्ही मोठ्याने बोलल्याशिवाय मला नंबर कसा सापडणार?" दाराशी बाबूजी जरासे हलले. उठून बाहेर जावं की काय, असं त्यांना वाटत असावं.

डॉक्टरांनी आणखी एक काच घातली आणि म्हणाले, "अक्षरं राहू द्या. तिकडे लांब दाराकडे बघा आणि जे दिसेल ते सांगा."

काकी बघत राहिली. इतका वेळ, की मला वाटलं ही काचही जमली नाही. मग तिचा आवाज त्या खोलीत स्पष्ट, मोठ्याने आला.

"बाबूजींचा कोट खांद्यावर उसवलाय."

बाबूजींची पाठ ताठ झाली. मग त्यांचा हात सावकाश उजव्या खांद्यावर गेला आणि चाचपू लागला.

"डावा," काकी म्हणाली.

हात डाव्या खांद्यावर आला. बोटाला ती उसवलेली शिवण लागली आणि ते तिथेच राहिलं. मी सवयीने पुढे पाऊल टाकलं, की आता निरोप माझ्याकडे येणार. पण तो आला नाही.

"घरी गेल्यावर दोन टाके घाल, बेटा," बाबूजी म्हणाले, तिला. आणि बोलता बोलता ते वळले.

काकीचे दोन्ही हात त्या फ्रेमला धरून होते. पदर घ्यायला एखादा मोकळा करावा लागला असता. तिने तो केला नाही.